खाडीमागून खाडी: मांडवा ते रत्नागिरी, रहदारी टाळून सायकलने

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचे तिघे, वय पन्नाशीच्या आसपास, आठवड्याला शंभरेक किलोमीटरचा सराव. डिसेंबरात आठ दिवस मोकळे आहेत. समुद्र आणि खाडीकाठ धरून सायकलने जायचं आहे, पण मुंबई–गोवा महामार्ग नको, ट्रक नकोत, मागून सतत हॉर्न नको. असा मार्ग आहे का, आणि तयारी काय करावी?

मोटारींना पूर्ण मज्जाव असलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग कोकणात नाही. दिवसातले बरेच तास रस्ता जवळजवळ रिकामा मिळेल असा मार्ग मात्र नक्की आहे. तो शोधायचा तर नकाशावर रस्त्यांऐवजी खाड्या बघायच्या. ज्या खाडीवर पूल नाही, तिथून आरपार जाणारी रहदारीही नाही. लांबचा ट्रक तरीसाठी, म्हणजे फेरीबोटीसाठी, धक्क्यावर ताटकळत बसत नाही, तो महामार्गानेच जातो. उरतात गावातल्या दुचाक्या, वडाप, दिवसातून चार-पाच एस.टी. आणि पर्यटकांच्या गाड्या. म्हणून आधी तरींवर खुणा करा आणि त्या जोडत रस्ता आखा.

मांडवा ते रत्नागिरी या पट्ट्यात अशा चार खाड्या आहेत: राजपुरीची खाडी (आगरदांडा–दिघी), सावित्रीची बाणकोट खाडी (बागमांडला–वेसवी), वाशिष्ठीची दाभोळ खाडी (दाभोळ–धोपावे) आणि शास्त्रीची जयगड खाडी (तवसाळ–जयगड). चारही ठिकाणी मोटारी वाहणारी फेरीबोट आहे आणि सायकल तीत सहज जाते. सुरुवातही पाण्यावरूनच होते, कारण भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट तासाभरात पोचवते आणि पनवेल–पेण–वडखळचा सगळा गजबजाट एका फटक्यात टळतो. तरीचं महत्त्व किती, ते दाभोळला कळतं. समोर धोपावे दिसत असतं. बोट नसेल तर गुहागरला जायला दापोली–खेड–चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो, त्यातला खेड–चिपळूण तुकडा महामार्गाचा. रेवस–रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल बांधायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. पूल झाल्यावर गावांची सोय होईल, ती व्हायलाच हवी. पण रस्त्यांची आजची शांतता तेव्हा राहणार नाही, त्यामुळे मनात असेल तर ही सफर लांबणीवर टाकू नका.

फेरीबोटीवर सायकल

रस्ता रिकामा मिळवण्याची सगळ्यात सोपी युक्ती बोटीतून उतरतानाच करायची असते. बोट पंधरा-वीस गाड्यांचा घोळका एकदम सोडते. त्यांच्यासोबत निघालात तर पहिल्याच चढावर त्या सगळ्या कानाशी घासून पुढे जातात. त्याऐवजी धक्क्यावर दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, टायरची हवा बघा. घोळका गेला की पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुमचा.

चढताना आणि उतरताना सायकल हातात धरूनच चाला. धक्क्याचा उतार भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून खालच्या भागावर हिरवं शेवाळ असतं आणि ते ओलं असताना बर्फासारखं निसटतं. त्यावर पुढचा ब्रेक लावला की चाक जागच्या जागी आडवं जातं. ओहोटीला हाच उतार जास्त लांब आणि उभा लागतो. बोटीची लोखंडी फळी जिथे उताराला टेकते तिथे फट असते, ती काटकोनात ओलांडा, तिरकी नको. बोटीत गाड्या आधी घेतात. सायकल कडेच्या कठड्याला लावून पट्ट्याने बांधा आणि मागचा ब्रेक रबराने आवळून ठेवा, म्हणजे बोट डुलली तरी ती सरकत नाही.

वेळापत्रक आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. दाभोळला फेऱ्या भरपूर असतात, तवसाळला कमी. एक बोट चुकली की तासभर उन्हात जातो, आणि तो तास पुढे चढावर भरून काढायच्या नादात लोक दमतात.

खरी किंमत: चढ

किलोमीटर बघून फसू नका. कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचे सडे (उघडी खडकाळ पठारं) आणि त्यांना चिरत गेलेल्या नद्या. रस्ता सड्यावरून जातो, गाव आणि बंदर खाली पाण्याला लागून असतं. त्यामुळे दर खाडीला शून्यावर उतरायचं आणि पलीकडे पुन्हा शे-दीडशे मीटर चढायचं. दिवसातून असं चार-पाच वेळा. पन्नास-साठ किलोमीटरच्या दिवसात सात-आठशे ते हजार मीटर चढ सहज जमा होतो. आठ-दहा टक्क्यांचे चढ नेहमीचे, आणि गावाच्या वळणावर त्याहून उभे छोटे तुकडे येतात. सपाटीवर आठवड्याला शंभर किलोमीटर करणाऱ्याने आधीचे सहा आठवडे तरी आठवड्यातून दोनदा चढ करावेत. पुण्याच्या माणसाला सिंहगडाचा रस्ता आहेच. सामान लादून तो दोन-तीनदा करा.

गिअरचा हिशेब निघण्याआधी करा. ७०० x ३५ चं चाक एका फेरीत साधारण २.१७ मीटर जातं. पुढे ३० आणि मागे ३४ दात असतील, तर मिनिटाला ६० पायडल मारून वेग ताशी ७ किलोमीटरच्या आत राहतो. पुढे २२ दातांची छोटी चकती असेल तर तो ५ वर येतो. रोड सायकलच्या ३४ बाय २८ ला त्याच लयीत साडेनऊचा वेग लागतो, आणि दहा किलो सामान घेऊन आठ टक्क्यांवर तो पन्नाशीच्या गुडघ्याला झेपत नाही. थोडक्यात, सगळ्यात हलक्या गिअरला पुढचे दात मागच्यापेक्षा कमी हवेत. तसे नसतील तर मागे मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवून घ्या. मात्र आधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढे दात पेलतो का ते बघा, नाहीतर सगळ्यात मोठ्या चकतीला तो घासतो आणि चेन अडकते. उभ्या तुकड्यावर उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. गुडघे पुढच्या दिवसांसाठीही लागणार आहेत.

उताराला ब्रेक सलग दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडा, मग सोडा. सलग धरल्याने डिस्कचे पॅड तापून कडक होतात, आणि साध्या ब्रेकच्या सायकलला रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणावर जांभ्याची लाल खडी सांडलेली असते, ती दिसली की सायकल सरळ करा आणि ब्रेक सोडा. शेवटची वळणं धक्क्याच्या तोंडाशी येतात, आणि तिथे गाड्या रांगेत उभ्या असतात.

सहा दिवसांची आखणी

आठ दिवसांत सायकलचे सहा, एक विसाव्याचा आणि एक परतीचा. सोमवारी किंवा मंगळवारी निघा, कारण अलिबाग–काशीद–मुरूड हा पट्टा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र गाड्यांनी भरतो. पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी तर नकोच.

पहिला दिवस मांडवा ते मुरूड, सत्तर किलोमीटर, बराचसा सपाट. मांडव्याहून मोठा रस्ता सोडून सासवणे, आवास, किहीम, थळ असं वाड्यांमधून अलिबागला यावं. अलिबागपुढेही आक्षी, नागाव, चौल या आगरांतून जाणारा रस्ता सुपारीच्या सावलीतून जातो. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे, म्हणून इथे रहदारी जाणवते. कोर्लईनंतर समुद्र उजव्या हाताला येतो आणि काशीदची घाटी सुरू होते.

दुसऱ्या दिवशी मुरूड, आगरदांडा, बोटीने दिघी, दिवेआगर आणि श्रीवर्धन, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. दिघीला बंदर आहे, त्यामुळे तिथे ट्रक दिसतील. पण ते माणगावच्या दिशेने जातात आणि तुम्ही दिवेआगरला वळलात की ते संपतात. दिवेआगर ते श्रीवर्धन जाताना आतला रस्ता घेऊ नका. भरडखोल–शेखाडी–आरावी हा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता घ्या. या सगळ्या सफरीत सायकलसाठी याच्यापेक्षा सुंदर तुकडा नाही: एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली काळे खडक आणि पाणी, चढ लहान लहान. दुपारी चारनंतर इथे असाल असं बघा. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि दुपारनंतर समुद्रावरून, वायव्येकडून. दक्षिणेला जाणाऱ्याला हा दुपारचा वारा पाठीशी किंवा तिरका मिळतो. रत्नागिरीहून उत्तरेला निघणाऱ्यांना तोच तोंडावर बसतो, म्हणून सफर उत्तरेकडून दक्षिणेलाच करावी.

तिसरा दिवस हरिहरेश्वर, बागमांडला, वेसवी, बाणकोट, वेळास आणि केळशी. अंतर पन्नासच्या आसपास, पण चढ भरपूर, आणि भारजा नदीच्या पुलासाठी थोडं आत जावं लागतं. वेळास कासवांसाठी प्रसिद्ध आहे. पिल्लं बाहेर पडण्याचा काळ साधारण फेब्रुवारीपासून पुढे, डिसेंबरात मादी अंडी घालायला येऊ लागते. त्याविषयी खाली पुळणीच्या भागात सांगितलंच आहे.

चौथा दिवस केळशी, आंजर्ले, हर्णै, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. साठ किलोमीटर आणि सगळ्यात दमवणारा. विसाव्याचा दिवस याच्या आधी किंवा नंतर ठेवा. पाचव्या दिवशी धोपाव्याला उतरून गुहागर, असगोली, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी: पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, गुहागरनंतर रस्ता अतिशय शांत. सहावा दिवस नरवण, रोहिले, तवसाळ, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. जयगडला बंदर आणि औष्णिक वीज प्रकल्प आहे, निवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जड वाहनं असतात. तो रस्ता लवकरात लवकर सोडून मालगुंडच्या बाजूला वळा. केशवसुतांचं गाव म्हणून थांबायचं तर मालगुंडला अर्धा तास ठेवा.

चढ अजिबात नको, मुलं सोबत आहेत, तर कोकणऐवजी गोव्यात मांडवी नदीतली दिवाडी आणि चोडण ही बेटं घ्या. जुन्या गोव्याहून दिवाडीला आणि रायबंदरहून चोडणला फेरीबोट जाते. दिवाडीत पिएदादची टेकडी सोडली तर सगळं सपाट खाजण आहे: भातशेती, बांध आणि भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशी. बांधावरून सायकल नेता येते, पण मानशीपाशी उतरून चाला. तिथला दगड नेहमी ओला असतो आणि बांध हातभर अरुंद होतो.

पुळणीवर सायकल, आणि तिथीचा हिशेब

मोटार कधीच न दिसणारा रस्ता म्हणजे ओहोटीची ओली पुळण. नागाव, दिवेआगर, केळशी, कर्दे, गुहागर इथे कित्येक किलोमीटर सलग घट्ट वाळू मिळते. ओहोटीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतचा वेळ चांगला. वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती आणि सव्वासहा तासांनी, पावणेदोनच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत एकपासूनच मोजायचं. हा मुंबईचा हिशेब झाला. रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा अर्धा तास इकडेतिकडे धरा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप आत जातं आणि पुळण सगळ्यात रुंद मिळते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, पट्टा अरुंद राहतो. हेदवीची बामणघळ (किनाऱ्याच्या खडकातली अरुंद घळ) बघायची तर मात्र उलट, भरतीची वेळ साधावी लागते, ओहोटीला तिथे पाणी उसळत नाही.

पुळणीवर टायरची हवा पंचवीस-तीस पीएसआयपर्यंत उतरवा आणि रस्त्यावर येताच परत भरा. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून दोन समांतर भोकं पडतात. वाळू बदलून पाणथळ, चमकणारी दिसली, किंवा वहाळाचं तोंड आलं, तर उतरून रस्त्याने फिरून जा. आणि वरच्या कोरड्या वाळूवर सायकल कधीही घालू नका. वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर या सगळ्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर अंडी घालतात. खड्डा बाहेरून ओळखू येत नाही. रात्री पुळणीवर विजेरी मारत फिरणंही नको, उजेडाने मादी परत फिरते.

पुळण झाली की त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा. मग मीठ वाळत नाही आणि चेनच्या कड्या रात्रभरात गंजत नाहीत. पाणी बादलीने ओता, जोराचा फवारा हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) मारू नका, तो ग्रीस काढून मीठ आत ढकलतो. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, पाच मिनिटं पायडल उलट फिरवा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. न पुसलेल्या तेलावर जांभ्याची धूळ बसते आणि ती चेनला कानसीसारखी खाते. हे रोज करावं, पुळणीवर गेला नसाल तरी. सीटची दांडी आणि पायडलचे आटे निघण्याआधी ग्रीस लावून बसवा. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून बसतात.

काय बिघडतं आणि सोबत काय हवं

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद. ४० च्या टायरला सामानासकट मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. माणशी दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप. इथे एक छोटी वस्तू फार मोलाची आहे: प्रेस्टा व्हॉल्व्हचं (ट्यूबच्या बारीक तोंडाचं) पितळी अडॅप्टर. गावोगावच्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलचं तोंड असतं, ते प्रेस्टावर बसत नाही, आणि कंप्रेसर दारात असून हवा भरता येत नाही. ते चिमुकलं अडॅप्टर व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, पिशवीत हरवतं. कंप्रेसरने भरताना एकेक सेकंदाचे झटके द्या.

स्पोक तुटतो तो बहुतेक मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा. कारण कॅसेटला जागा देण्यासाठी त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात आणि सामानाचं वजनही मागेच असतं. तो बदलायला कॅसेट काढावी लागते, म्हणून बरोबर मापाचे दोन स्पोक, कॅसेट काढायचं हत्यार आणि स्पोक-चावी तिघांत मिळून एक संच न्या. त्याखेरीज चेनची जोडकडी (तुमच्या आठ, नऊ किंवा दहा गिअरच्या मापाची), ब्रेक पॅडची एक जोडी, गिअरची एक केबल आणि डिरेलरचा हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो धातूचा तुकडा). सायकल बोटीत पडली की वाकतो तो हाच, आणि प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. अलिबाग, दापोली, गुहागरला साधी सायकल दुरुस्त करणारे आहेत, पण असले भाग रत्नागिरीआधी मिळतील या भरवशावर राहू नका.

सामान माणशी आठ ते दहा किलो, मागच्या कॅरियरवर दोन्ही बाजूंना सारखं. कॅरियरचे स्क्रू रोज सकाळी आवळा, जांभ्याच्या रस्त्याने ते सैल होतात.

सड्यावर सावली नाही, दुकान नाही, पाणी नाही. तिथे चढायच्या आधी खालच्या गावात दोन्ही बाटल्या भरा, माणशी दीड लिटर. घामातून जाणारं मीठ भरून काढायला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पुरतं, आणि कोकम सरबतात चिमूटभर मीठ जास्त घालून मागा. सकाळी साडेसहाला निघून अकरापर्यंत मोठे चढ संपवा, दुपारी तीनपर्यंत थांबा. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. कोकणातल्या घरगुती खानावळी न सांगता आलेल्यासाठी चूल पेटवत नाहीत, आणि दोन वाजता उपाशी सड्यावर चढणं वाईट. सकाळी निघतानाच दुपारच्या गावात फोन करा. रोख पैसे ठेवा, वाड्यांवर मोबाइलची रेंज जाते आणि ऑनलाइन पैसे अडकतात.

परतीची गाडी

रत्नागिरी स्टेशन शहरात नाही, वर कुवारबावच्या बाजूला आहे, तेव्हा शेवटचे सहा-सात किलोमीटर चढाचे आहेत हे धरून चाला. सायकल तिकिटावर लगेज म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) नोंदवता येते. मधल्या स्टेशनवरून चढवताना गाडी दोन-चार मिनिटंच थांबते आणि सायकल मागे राहायची भीती असते, म्हणून रत्नागिरीहूनच सुटणारी दिव्याची पॅसेंजर बरी. दोन तास आधी पार्सल ऑफिसात जा. बाटल्या, दिवे, पंप, पिशव्या काढून घ्या, हँडल आडवं फिरवून बांधा, पायडल काढा. डिरेलरवर पुठ्ठा बांधा आणि सायकल ठेवताना चेनची बाजू वर राहील असं हमालाला सांगा. नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी बांधा: एक हँडलला, एक सीटखाली. पावती जपून ठेवा, दिव्याला ती दाखवल्याशिवाय सायकल हातात मिळत नाही.